आर्थिक सल्ला : कर्करोगासाठी वेगळा विमा घ्यावा का?

प्रश्न : माझे वय ४४ आहे. कुटुंबासाठी ५ लाखांचा आरोग्य विमा आहे. थोरल्या बहिणीला स्तनाचा कर्करोग झाल्यापासून मी धास्तावले आहे. एजंट कर्करोगाची वेगळी पॉलिसी सुचवतो. ती घ्यावी का? – एक वाचक, सातारा

उत्तर : तुमची धास्ती मी समजू शकते, तरीही आधी मूळ विम्याची रक्कम वाढवावी, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण ती हृदयविकारापासून अपघातापर्यंत सर्वत्र उपयोगी पडते आणि ५ लाख रुपये कर्करोगाच्या दीर्घ उपचारांना अपुरे पडू शकतात. सुपर टॉप-अप, म्हणजे वर्षभरातला एकूण खर्च ठरावीक रकमेपुढे गेला की वरचा खर्च देणारा पूरक विमा, त्यासाठी तुलनेने स्वस्त पडतो.

कर्करोग पॉलिसीचे स्वरूप वेगळे असते. ती रुग्णालयाचे बिल भरत नाही. निदान होताच ठरलेली रक्कम हाती देते. बुडालेला पगार, मुंबईतल्या टाटा रुग्णालयात उपचार घेताना होणारा राहण्याचा खर्च, सोबत्याचा प्रवास यांसाठी हा पैसा मोलाचा ठरतो. मात्र एलआयसीच्या कॅन्सर कव्हरमध्ये पहिले १८० दिवस संरक्षण नव्हते आणि प्राथमिक अवस्थेत विमा रकमेच्या २५ टक्केच मिळत. अशा अटी तुम्हाला सुचवलेल्या पॉलिसीतही नीट वाचा.

घरात कमावते एकच माणूस असेल, तर मूळ विमा वाढवल्यानंतर ही पॉलिसी जरूर घ्या. अर्जात बहिणीचा आजार लपवू नका, कारण तेवढ्यावरून पुढे दावा नाकारला जाऊ शकतो. आणि स्तनतपासणीबद्दल डॉक्टरांना याच आठवड्यात भेटा.