झेंडा बदलला म्हणून विषय संपत नाही

सप्रेम नमस्कार.

मुलीला बारावीला कला शाखेत 81 टक्के आहेत, तिला वसाहतमुक्त देशांच्या सार्वभौमत्वाचा अभ्यास करायचाय आणि तुम्ही विचारता, ‘ते देश कधीच स्वतंत्र झाले, आता त्यात काय उरलंय?’ गुणांची मला काळजी नाही. तिचे प्रवेश अर्ज तुम्हीच भरलेत, पासवर्ड तिला दिलेला नाही आणि ती हल्ली घरात बोलत नाही, हे वाचून मात्र वाईट वाटलं. अहो, तिला न विचारता तिचा पसंतीक्रम भरणं याला मार्गदर्शन म्हणत नाहीत. पासवर्ड आजच तिच्या हातात द्या. बदल करायची मुदत उलटली, तर वर्ष तिचं जाईल.

तिने यूपीएससी द्यावी असं मनात असेल, तर ती कुठल्याही पदवीनंतर देता येते. त्यावरून आज भांडू नका.

आता तुमचा प्रश्न. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतले 14 देश आजही सीएफए फ्रँक वापरतात. हे चलन फ्रान्सने 1945 मध्ये सुरू केलं. 1999 पासून एका युरोला 655.957 सीएफए हा दर बांधलेला आहे. युरो डॉलरच्या तुलनेत वधारला, की डॉलरमध्ये विकल्या गेलेल्या त्याच कापसाचे कमी सीएफए हाती पडतात आणि तिथलं सरकार एकट्याने दर हलवू शकत नाही. युरोआधी हे चलन फ्रेंच फ्रँकला बांधलेलं होतं; जानेवारी 1994 मध्ये तो दर हलला, तो एका फ्रेंच फ्रँकला 50 वरून थेट 100 सीएफए. आयात औषधांचा खर्च एका झटक्यात जवळपास दुप्पट! बाहेर पडणंही सोपं नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी या फ्रेंच वसाहतीने 1958 च्या सार्वमतात फ्रान्सच्या छत्राखाली राहायला नकार दिला, 1960 मध्ये स्वतःचं चलन काढलं, पण सीएफए देशांइतकी महागाई आटोक्यात ठेवणं त्या देशाला जमलं नाही. खरं सार्वभौमत्व म्हणजे काय, हा वाद अजून असा जिवंत आहे.

पुढचं तिला वाचायला द्या. नुसता इतिहास घेऊ नकोस. मेजर अर्थशास्त्र, मायनर राज्यशास्त्र घे आणि गणित सोडू नकोस. एम.ए.ला बॅलन्स ऑफ पेमेंट्सचा, म्हणजे देशाच्या परदेशांशी होणाऱ्या देण्याघेण्याच्या हिशेबाचा, तक्ता समोर आला की घोषणा पाठ असलेली मुलं तिथेच अडतात. सोबत फ्रेंच हवंच, पदवी संपेपर्यंत बी2, म्हणजे भाषा बऱ्यापैकी सहज वापरता येण्याच्या पातळीपर्यंत. मग जेएनयू किंवा मुंबई विद्यापीठात आफ्रिकन स्टडीजचा विचार कर. नोकऱ्या थोड्या आहेत. संशोधन संस्थांत सुरुवातीचा पगार बेताचा आणि काम बहुधा कंत्राटी असतं, हे घरात आत्ताच बोलून घ्या. फ्रेंचच्या ए1, म्हणजे अगदी सुरुवातीच्या वर्गात मात्र कॉलेज सुरू होण्याआधीच नाव घाल.