खूण कोणत्या नोटची (स्वराची), ते आधी बघ

बाळा, परभणीच्या बँडसाठी तू लिहिलेलं स्वरलिपीचं पान बघितलं. फोर्टेची, म्हणजे जोरात वाजवायची, खूण माउसनं ओढून बसवलीस ना? म्यूझस्कोअरमध्ये, म्हणजे स्वरलिपी लिहायच्या या सॉफ्टवेअरमध्ये, आधी नोट निवड, मग पॅलेटमधल्या (बाजूच्या खुणांच्या यादीतल्या) खुणेवर क्लिक कर. ओढताना तुटक रेघ दिसते. ती ज्या नोटकडे जाते, तिथूनच आवाज बदलतो. खूण कुठं दिसते त्याला प्लेबॅक, म्हणजे संगणक वाजवून दाखवतो ते, विचारत नाही.

ट्रम्पेट-क्लॅरिनेटला खूण स्टाफच्या (नोट लिहायच्या पाच रेघांच्या) खाली. गाणाऱ्यांना मात्र वर, कारण खाली शब्द असतात. पियानोला दोन स्टाफच्या मधोमध. वर-खाली करायला एक्स दाब, जागा बिघडली तर कंट्रोल आणि आर, म्हणजे खूण मूळ जागी येईल.

हेअरपिनचं, म्हणजे आवाज हळूहळू वाढवायच्या-कमी करायच्या लांब खुणेचं, टोक फार जपून ठेव. माझं एकदा ठोकाभर पुढं गेलं आणि सगळे ट्रम्पेट उशिरा चढले.