राजांगणाच्या जुन्या घरात कमी खर्चाचे नेटवर्क आणि जुन्या लॅपटॉपवर नवी प्रणाली: आधी काय करावे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यातील जुन्या, राजांगण (मधले मोकळे अंगण) असलेल्या चिरेबंदी घरात फायबरची जोडणी आली आहे, पण दर्शनी खोलीच्या पलीकडे वाय-फाय पोहोचत नाही. घरातला लॅपटॉप विंडोज १० वर अडकला आहे आणि विंडोज ११ त्याला स्वीकारत नाही. हाताशी सहा-सात हजार रुपये आहेत. वडिलांना मराठीत लेखन करावे लागते. तर आधी नवा राउटर घ्यावा, लॅपटॉपवर लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) घालावे, की दोन्ही एकाच रविवारी उरकून टाकावे? माझा हा व्यवसाय नाही. फोंडा तालुक्यातील आमच्या सामाईक घरात गेली नऊ वर्षे हौसेने हे काम करत आलो आहे, आणि तेवढ्या अनुभवावर सांगतो की दोन्ही एकाच रविवारी करू नका. आधी केबल, मग राउटर, आणि ते सगळे आठवडाभर सुरळीत चालले की मगच लॅपटॉप.

हा क्रम मी का धरतो ते सांगतो. चार वर्षांपूर्वी मी दर्शनी खोलीतून माजघरापर्यंत नवी केबल टाकली आणि त्याच संध्याकाळी माजघरातल्या डेस्कटॉपवर लिनक्स मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) घातले. आमची जोडणी २०० मेगाबिटची होती, पण वेगाचा आकडा ९४ च्या पुढे सरकेना. मी ठपका नव्या प्रणालीवर ठेवला. ड्रायव्हर बदलले, कर्नल बदलला, तीन संध्याकाळी त्यातच गेल्या. चौथ्या दिवशी तेच यंत्र उचलून राउटरपाशी नेले, हातभर लांबीच्या तयार केबलने जोडले, आणि पहिल्याच चाचणीत १९६ आला. प्रणाली निर्दोष होती. दोष मी बसवलेल्या प्लगमध्ये होता. १०० मेगाबिटच्या इथरनेटला (केबलच्या नेटवर्कला) केबलमधल्या तारांच्या चारपैकी दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला (१००० मेगाबिटला) मात्र चारही लागतात. माझ्या प्लगात तपकिरी जोडीतली एक तार टोकापर्यंत पोहोचलेलीच नव्हती, म्हणून दोन्ही बाजूंची कार्डे कोणतीही तक्रार न करता १०० वर उतरली होती. त्या १०० मधून माहितीच्या प्रत्येक पाकिटाच्या वेष्टनाचा भाग वजा जाता प्रत्यक्ष हाती ९४-९५ येतात. त्यामुळे हा आकडा दिसला की सॉफ्टवेअरला हात लावण्यापूर्वी केबलची दोन्ही टोके पाहावीत. केबल आणि प्रणाली वेगवेगळ्या आठवड्यांत बदलल्या असत्या, तर हा दोष पाच मिनिटांत सापडला असता.

आता तुमच्या भिंतींविषयी. चिरा म्हणजे जांभा दगड. तो सच्छिद्र असतो, पावसाळाभर ओल धरून ठेवतो, आणि पाणी रेडिओलहरी शोषून घेते. आमच्या भिंती दीड हात जाडीच्या आहेत. जून ते सप्टेंबर या काळात मागच्या खोल्यांत ५ गिगाहर्ट्झचा संकेत जवळजवळ नाहीसा होतो आणि २.४ गिगाहर्ट्झचाही कसाबसा टिकतो. अशा घरात सहा अँटेनांचा महागडा राउटर घेऊन फारसा उपयोग होत नाही, कारण राउटर कितीही मोठ्याने बोलला तरी फोनने दिलेले उत्तर त्याच्या कानी पोहोचले पाहिजे, आणि फोनचा आवाज पूर्वी होता तेवढाच राहतो. स्वस्त रिपीटरही (संकेत ऐकून पुढे पाठवणारे यंत्र) मी वापरून पाहिला आहे. तो ज्या चॅनेलवर ऐकतो त्याच चॅनेलवर पुन्हा बोलतो, म्हणून वेग साधारण निम्मा होतो. शिवाय जिथे मुळातच संकेत क्षीण आहे तिथे तो लावला, तर क्षीण संकेतच पुढे पाठवतो.

तुमच्या घराची खरी सोय राजांगणात आहे. घराच्या मधोमध मोकळी हवा आहे आणि बहुतेक खोल्यांची दारे तिच्याकडे उघडतात. मी दर्शनी खोलीतल्या राउटरपासून राजांगणाभोवतीच्या पडवीपर्यंत केबल नेली आणि तिथल्या खांबावर, वळचणीच्या आत, पागोळ्यांचे पाणी उडणार नाही एवढ्या उंचीवर दुसरा राउटर बसवला. एकाही भिंतीला नवे भोक पाडावे लागले नाही, कारण विजेच्या जुन्या तारांसाठी वाशांच्या कडेने वाट होतीच. तेव्हापासून स्वयंपाकघर, देवघर आणि मागच्या दोन्ही खोल्या लाकडी दारांतून येणाऱ्या संकेतावर नीट चालतात. लाकूड या लहरींना चिऱ्याच्या मानाने फारच कमी अडवते.

केबल घेताना मात्र काटकसर करू नका. बाजारात 'कॅट ६' असे छापलेली बरीच स्वस्त केबल प्रत्यक्षात तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असते. दुकानातच एक तार सोलून ब्लेडने हलकेच खरवडून पाहा; आतून चंदेरी पांढरी निघाली तर ती घेऊ नका. ती वळवताना तुटते, आणि आपल्या दमट हवेत तिची टोके लवकर खराब होतात. शुद्ध तांब्याची कॅट ५ई केबलही १०० मीटरपर्यंत गिगाबिट नेते, म्हणून घरगुती कामाला तेवढी पुरते. प्लग बसवताना मी दोन्ही टोकांना एकच क्रम ठेवतो: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आठही तारा सरळ करून एका रेषेत कापाव्यात, प्लग डोळ्यांसमोर धरून पारदर्शक टोकाशी आठही तांबूस ठिपके दिसतात का ते पाहावे, आणि मगच क्रिम्पिंग टूल दाबावे. माझा चुकलेला प्लग मी उजेडात असा धरला असता तर आठव्या ठिपक्याची जागा रिकामी दिसली असती. आठही तारा जोडल्या गेल्या का ते दाखवणारा अडीचशे रुपयांचा टेस्टर जरूर घ्या. तीस मीटर केबल, प्लग, टूल, टेस्टर, पाच पोर्टचा गिगाबिट स्विच आणि एक वापरलेला राउटर एवढे सगळे मला चार हजारांच्या आत पडले.

वापरलेला राउटर दुसरा प्रवेशबिंदू म्हणून लावताना तीन गोष्टी करायच्या असतात. त्याचा स्वतःचा पत्ता बदलावा (मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्यावा), त्यातली पत्ते वाटणारी डीएचसीपी सेवा बंद करावी, आणि येणारी केबल त्याच्या वॅन (बाहेरच्या इंटरनेटच्या) पोर्टमध्ये न घालता लॅन (घरातल्या नेटवर्कच्या) पोर्टमध्ये घालावी. असे न केल्यास एका घरात दोन स्वतंत्र जाळी तयार होतात आणि पडवीतल्या फोनला दर्शनी खोलीतला प्रिंटर सापडत नाही. दोन्हींचे नाव आणि पासवर्ड एकच ठेवावा, २.४ गिगाहर्ट्झचे चॅनेल मात्र १, ६ आणि ११ यांपैकी वेगवेगळे निवडावेत, कारण एकमेकांवर न चढणारे चॅनेल एवढे तीनच आहेत.

जुन्या राउटरची मूळ प्रणाली कंपनीने अद्ययावत करणे सोडून दिलेले असते. अशा वेळी ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरवर घालायची मुक्त प्रणाली फार चांगला पर्याय आहे, आणि तिच्याविषयी मला मनापासून आदर आहे: २००४ पासून जगभरातले लोक मिळून ती चालवत आले आहेत, आणि टाकून दिलेली किती यंत्रे तिने पुन्हा कामाला लावली असतील. पण ४ मेगाबाइट फ्लॅश आणि ३२ मेगाबाइट रॅम असलेल्या राउटरवर तिच्या नव्या आवृत्त्या चालत नाहीत; किमान ८ आणि ६४ हवेत, आणि १६ व १२८ असल्यास काम निर्धास्तपणे होते. खरेदीपूर्वी राउटर उलटा करून लेबलवरील आवृत्ती क्रमांक वाचा. एकाच नावाच्या राउटरच्या दोन आवृत्त्यांत आतली चिप वेगळी असू शकते, आणि चुकीची फाइल घातल्यास यंत्र कायमचे बंद पडण्याची भीती असते. आणखी एक लक्षात ठेवा: ही प्रणाली घातल्यानंतर वाय-फाय सहसा बंदच असते, म्हणून पहिली जुळणी केबल लावूनच करावी लागते. मी पहिल्यांदा घातली तेव्हा हे ठाऊक नसल्यामुळे राउटर बिघडला असे समजून बसलो होतो.

तुम्ही विचारलेले नाही, पण घराबाहेर केबल नेणार असाल तर आकाशातल्या विजेचा विचार आधी करा. मी कुळागरातल्या (सुपारीच्या बागेतल्या) पंपाच्या खोलीपर्यंत कॅमेऱ्यासाठी उघड्यावरून तांब्याची केबल नेली होती. मे अखेरच्या एका गडगडाटात स्विच आणि राउटरचा एक पोर्ट, दोन्ही जळाले. आता तिथे दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (तांब्यातला संकेत प्रकाशात बदलणारे डबे) लावून बारीक फायबर टाकली आहे; काच वीज वाहून नेत नाही. घरातल्या राउटरला आणि फायबरच्या डब्यालाही १२ व्होल्टचा छोटा यूपीएस दिलेला आहे, कारण पावसाळ्यात वीज जाते-येते आणि त्या प्रत्येक झटक्याने ही यंत्रे झिजतात.

आता लॅपटॉप. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरकर्त्यांसाठी सुरक्षा-अद्यतनांची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवलेली आहे, पण तिच्यासाठी नोंदणी करावी लागते. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि साधारण २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. ही अट चुकवून ते घालण्याच्या युक्त्या आहेत. मी एका यंत्रावर तसे करून पाहिले, पण वडिलांच्या रोजच्या कामाच्या यंत्रावर ते करू नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण पुढचे मोठे अद्यतन येईल की नाही याची खात्री कोणीच देत नाही. तुमच्या लॅपटॉपला माझी निवड लिनक्स मिंटची एक्सएफसीई (हलक्या मांडणीची) आवृत्ती. मिंटच्या २२ मालिकेला २०२९ पर्यंत अद्यतने मिळणार आहेत, आणि ४ जीबी रॅमवरही ती चालते. नव्या प्रणालींची हौस मला आहे. फ्रीबीएसडी आणि हायकू या दोन्ही मी जुन्या यंत्रावर आवडीने चालवतो, पण त्या शिकण्यासाठी आहेत, वडिलांच्या हाती देण्यासाठी नाहीत.

मिंट लगेच घालू नका. पेनड्राइव्हवरून ते डिस्कला न शिवता चालते, तेव्हा दोन-तीन दिवस तसेच चालवून वाय-फाय, प्रिंटर, आवाज आणि झाकण मिटल्यावर यंत्र झोपते का हे सगळे तपासा. काही जुन्या लॅपटॉपमधली ब्रॉडकॉमची वाय-फाय चिप सुरुवातीला ओळखली जात नाही. तेव्हा फोन यूएसबी केबलने जोडून त्याचे इंटरनेट वापरावे आणि ड्रायव्हर उतरवून घ्यावा. डिस्क फिरती असेल तर उरलेल्या पैशांतून एसएसडी घ्या. जुन्या लॅपटॉपचा कायापालट माझ्या अनुभवात याच एका गोष्टीने होतो. जुनी डिस्क तशीच बाजूला ठेवली तर सर्व कागदपत्रे सुरक्षित राहतात. दोन्ही प्रणाली एकाच डिस्कवर ठेवायच्या असल्यास मात्र आधी विंडोजमधली 'फास्ट स्टार्टअप' सोय बंद करा. ती चालू असताना विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि लिनक्सला त्या भागातील फाइली केवळ वाचता येतात, लिहिता येत नाहीत.

प्रणाली बदलल्यावर नेटवर्कच बिघडले असे वाटायला लावणाऱ्या दोन गोष्टी मी पाहिल्या आहेत. पहिली जुन्या नेटवर्क डिस्कची. आमची डिस्क एसएमबीची (नेटवर्कवरून फाइली वाटण्याच्या पद्धतीची) केवळ पहिली आवृत्ती जाणते; विंडोजने ती आवृत्ती २०१७ पासून नव्याने घातलेल्या प्रणालीत देणे थांबवले आणि लिनक्सवर तेच काम करणाऱ्या सांबा या प्रोग्रामने २०१९ मध्ये ती मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली. ती पुन्हा चालू करणे धोक्याचे आहे, म्हणून मी डिस्क काढून एका जुन्या डेस्कटॉपला जोडली आणि तिथून नव्या सांबाने ती सर्वांना दिली. दुसरी गोष्ट चवथीत (गणेश चतुर्थीत) कळली. सगळे चुलतभाऊ घरी आले होते, माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची सजावट) बांधून झाली होती, आणि मागच्या वर्षी चालणारे चार फोन नेटवर्कवर येईनात. मी राउटरमध्ये ओळखीच्या मॅक पत्त्यांनाच (प्रत्येक यंत्राच्या नेटवर्क-ओळख क्रमांकांनाच) प्रवेश ठेवला होता. पण अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन आपला खरा मॅक पत्ता न देता प्रत्येक नेटवर्कसाठी बनावट पत्ता देतात. ते चारही फोन वर्षभरात नव्या आवृत्तीवर गेलेले होते. मी ती यादीच काढून टाकली आणि पाहुण्यांसाठी वेगळे नाव व पासवर्ड ठेवला.

राहिले वडिलांचे मराठी. मिंटमध्ये इन्स्क्रिप्ट कळपट (भारतीय भाषांचा प्रमाण कीबोर्ड) प्रणालीच्या कळपट-जुळणीतच मिळतो; उच्चारानुसार लिहायची सवय असेल तर आयबस (लेखनपद्धती बदलून देणारा प्रोग्राम) आणि त्याचे एम१७एन हे पॅकेज घालून मराठीची उच्चारानुसारी पद्धत निवडता येते. नव्या लेखनाला अडचण येत नाही. जुन्या, युनिकोडपूर्व (आजचे सामाईक अक्षर-मानक येण्याआधीच्या) फाँटमधील मजकूर मात्र लिब्रेऑफिस या लिनक्सवरील लेखन-प्रोग्राममध्ये निरर्थक रोमन अक्षरांसारखा दिसेल. माझ्या काकांची देवळाच्या उत्सवाची कितीतरी पत्रके अशीच होती. तो फाँट विंडोजच्या फाँट फोल्डरमधून काढून लिनक्समध्ये बसवला की पत्रके पूर्ववत दिसतात. म्हणून विंडोजची डिस्क बाजूला काढण्याआधी ते फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवून घ्या, आणि वडिलांची एक जुनी फाइल त्यांच्यासमोर उघडून त्यांच्याकडूनच वाचून घ्या.