धावायला आणि जिमला वायरलेस इअरबड घ्यायचे आहेत. काय बघून घ्यावेत?

आवाजाचं नंतर, आधी कानात टिकतात का ते बघा. सोबत लहान-मध्यम-मोठी रबरी टोपणं येतात, पण बरेच जण आधीपासून लावलेलं मधलंच वापरत राहतात. माझ्या उजव्या कानाला मधलं बसतं, डाव्याला मोठं लागतं. टोपणं लावून जबडा हलवा, जागच्या जागी वीस उड्या मारा. तरी सैल वाटले तर कानावर अडकणारा आकडा असलेले घ्या.

मग घाम. बड किती पाणी सोसतात ते आयपीएक्स या दर्जावरून कळतं. आयपीएक्स ४ म्हणजे सगळीकडून उडालेले शिंतोडे सोसतात, आयपीएक्स ७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं. पण ही चाचणी साध्या पाण्यात होते आणि घाम खारट असतो. माझी पहिली जोडी यातच गेली. व्यायाम झाला की ओले बड तसेच डबीत टाकायचो. काही महिन्यांत चार्जिंगचे ठिपके हिरवट पडले आणि डावा बड चार्जच होईना. आता मऊ सुती फडक्याने पुसतो, दहा मिनिटं उघड्यावर ठेवतो, मगच डबी बंद. पोहायला मात्र हे नकोत, ब्लूटूथ पाण्याखाली चालत नाही.

रस्त्यावर धावणार असाल तर कान गच्च बंद करणारे कृपा करून घालू नका. मागून येणारा ट्रक ऐकू आलाच पाहिजे. तिथे गालाच्या हाडातून आवाज पोचवणारे, कान मोकळा ठेवणारे हेडफोन बरे. जिमच्या गोंगाटात मात्र ते कमी पडतात.