मिक्सर, क्रिस्टल फिल्टर आणि मधली रिकामी जागा

तुमचा सेटअप मला समजला तो असा: ४० मीटरच्या (७ मेगाहर्ट्झ) हॅम बँडचा सुपरहेट रिसीव्हर, एसबीएल-१ हा डायोडचा मिक्सर (दोन सिग्नल मिसळून बेरीज-वजाबाकी देणारा), एलओ म्हणजे लोकल ऑसिलेटर १६.० ते १६.२ मेगाहर्ट्झ, आणि घरी बांधलेला ९ मेगाहर्ट्झचा २०० ओहमचा क्रिस्टल लॅडर फिल्टर, १:४ ट्रान्सफॉर्मरने थेट मिक्सरला जोडलेला. दिवसा ठीक चालतो. संध्याकाळी ७.२ च्या वरची ब्रॉडकास्ट स्टेशनं चढली की सगळा बँड गढूळ होतो. शिवाय पासबँडला, म्हणजे फिल्टर जो पट्टा पुढे जाऊ देतो त्याला, एका बाजूला कुबड आलंय. मिक्सरच्या आधी प्रीअँप (सिग्नल वाढवणारा अँप्लिफायर) लावू का, असं विचारलंत. अजिबात नको. जी स्टेशनं त्रास देताहेत त्यांनाच तुम्ही आणखी जोर द्याल.

आधी दोन फुटकळ गोष्टी उरकून घ्या. एसबीएल-१ च्या ३ आणि ४ नंबरच्या पिना बोर्डवर एकमेकींना जोडायच्या असतात, त्या मिळून आयएफ (इंटरमीडिएट फ्रिक्वेन्सी, तुमची ९ मेगाहर्ट्झ) पोर्ट होतो. त्या जोडल्यात ना? आणि एलओ खरंच ७ डीबीएम (५ मिलिवॅट) आहे का? हे मोजताना मिक्सर काढून त्याजागी ५० ओहमचा रेझिस्टर लावा. डायोड जोडलेले असताना स्कोपवर जो चपटा आकार दिसतो त्यावरून काही कळत नाही. ५० ओहमवर शिखर ते शिखर १.४ व्होल्ट मिळाले पाहिजेत.

आता मूळ दुखणं. तुम्ही ७.०६ ऐकत असताना एलओ १६.०६ वर असतो. आयएफ पोर्टमधून ९ मेगाहर्ट्झ निघतं, तसंच २३.१२ ची बेरीजही निघते, जवळजवळ तेवढ्याच ताकदीने. वर एलओची गळती असतेच. तुमचा फिल्टर मात्र ट्रान्सफॉर्मरमधून ५० ओहम दिसतो तो फक्त त्याच्या अडीच किलोहर्ट्झच्या पासबँडमध्ये. त्याबाहेर तो निव्वळ रिॲक्टन्स. काही शोषून घेत नाही, आलेलं सगळं परत पाठवतो. डायोड रिंगला आत-बाहेर असा भेद कळत नाही. परत आलेलं सगळं पुन्हा एलओशी मिसळतं, डायोडच्या स्विचिंगच्या क्षणात ढवळाढवळ होते आणि इंटरमॉड, म्हणजे सिग्नल आपसात मिसळून उठणारे खोटे सिग्नल, वाढतं. कुबडही तिथूनच आलं असणार, कारण फिल्टरला त्याच्या बाजूने स्वच्छ ५० ओहमचा सोर्स मिळत नाहीये.

निदान स्वस्तात करा. मिक्सर आणि ट्रान्सफॉर्मरच्या मध्ये ६ डीबीचा पाय (π) पॅड, म्हणजे सिग्नल ठरावीक प्रमाणात कमी करणारे तीन रेझिस्टर, टाका: १५० ओहम, ३९ ओहम, १५० ओहम. पलीकडे काहीही असलं, अगदी उघडं किंवा शॉर्ट, तरी मिक्सरला साधारण ३० ते ८३ ओहमच्या दरम्यानच काहीतरी दिसेल. सिग्नलची ताकद दाखवणारा एस-मीटर एक घर खाली येईल. कुबड बसलं आणि रात्रीचा गढूळपणा त्याहून बराच जास्त उतरला, तर रोग सापडला. (क्रिस्टलच ओव्हरलोड होत असले तरी पॅडने असाच फायदा दिसतो, पण तूर्त फायदा तुमचाच आहे.) नॉइज फिगर (रिसीव्हरचा स्वतःचा गोंगाट) ६ डीबीने बिघडेल, खरं आहे. पण ७ मेगाहर्ट्झवर शांत खेड्यातही बाहेरचा नॉइज थर्मल नॉइजच्या २५-३० डीबी वर असतो, शहरात तर विचारूच नका. पूर्ण लांबीचा डायपोल असेल तर फरक कळणारही नाही. अनेकांनी पॅड तसाच ठेवून दिलाय आणि सुखात आहेत.

पॅड नको असेल तर ब्रिज्ड-टी डायप्लेक्सर, म्हणजे हवी ती फ्रिक्वेन्सी पुढे सोडून बाकीच्या रेझिस्टरात जिरवणारं सर्किट. इनपुटपासून आउटपुटपर्यंत सिरीज एलसी (कॉइल आणि कपॅसिटर), त्याला समांतर ५० ओहमचे दोन रेझिस्टर एकापुढे एक, आणि त्या रेझिस्टरांच्या सांध्यापासून ग्राउंडला पॅरलल एलसी. दोन्ही एलसी ९ मेगाहर्ट्झला ट्यून. बहुतेक सर्किटांत क्यू (ट्यूनिंग किती अरुंद याचा आकडा) १ घेतात, म्हणजे दोन्हीकडे ०.८८ मायक्रोहेन्री आणि ३५४ पिकोफॅरड. तुमच्या बाबतीत तो कमी पडेल. १६ मेगाहर्ट्झवर त्याचं क्षीणन जेमतेम ४ डीबी, म्हणजे फिल्टरवर आपटून परत येईपर्यंत एलओची गळती फक्त ८ डीबी कमी झालेली. क्यू ३ घ्या, तोच आकडा २३ डीबीवर जातो. सिरीजला २.६५ मायक्रोहेन्री व १२० पिकोफॅरड, पॅरललला ०.३ मायक्रोहेन्री व १०६० पिकोफॅरड. पिवळ्या टी३७-६ टोरॉइडवर अनुक्रमे ३० आणि १० फेरे. कपॅसिटर एनपी० चेच (तापमानाने न बदलणारे) हवेत. नीट गुंडाळलंत तर अर्धा डीबीही जात नाही.

आणि इथे बहुतेक जण थांबतात. डायप्लेक्सर लांबच्या फ्रिक्वेन्सीला गिळतो, जवळच्यांना तो दिसतच नाही. ७.२५ वरचं स्टेशन तुमच्या आयएफला ८.८१ वर उतरतं. क्यू ३ च्या डायप्लेक्सरला ते आणि ९ एकच. ते सरळ फिल्टरवर जाऊन आपटतं आणि सरळ मिक्सरमध्ये परत येतं. तुमचा रात्रीचा त्रास नेमका याच स्टेशनांचा आहे. त्यामुळे डायप्लेक्सरनंतर अँप्लिफायर हवा, आणि तोही असा, की त्याच्या आउटपुटवर फिल्टरने कितीही नखरे केले तरी इनपुट ५० ओहमवर ठाम राहील.

२एन५१०९ ट्रान्झिस्टरचा नेहमीचा फीडबॅक अँप्लिफायर एकटा इथे चालत नाही. त्याचा इनपुट इम्पीडन्स लोडवर अवलंबून असतो, म्हणून त्याच्यामागे फिल्टरआधी ६ डीबी पॅड लागतोच. लावलात की जोडी उत्तम. दुसरा रस्ता वेस हेवर्ड आणि बॉब कोप्स्की यांनी २००९ मध्ये मांडलेल्या टर्मिनेशन-इनसेन्सिटिव्ह (पलीकडच्या लोडची पर्वा न करणाऱ्या) अँप्लिफायरचा. तो मुळात दोन्ही दिशांनी चालणाऱ्या ट्रान्सीव्हरसाठी केलेला, म्हणजे हैदराबादच्या अशर फरहान यांच्या बिटेक्स या हॅम ट्रान्सीव्हरच्या जातीच्या रिगसाठी. साध्या २एन३९०४ ट्रान्झिस्टरांवर बांधता येतो, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर चिल्लरमध्ये मिळतात. तुमच्या जागी मी हाच बांधला असता.

नॅनोव्हीएनए (इम्पीडन्स आणि परावर्तन मोजणारं छोटं यंत्र) असेल तर मिक्सर काढून त्याच्या जागी जोडा आणि फिल्टरसकट एस११, म्हणजे किती सिग्नल परत येतो ते, बघा, दोनदा. एकदा १ ते ६० मेगाहर्ट्झ, आणि एकदा ९ च्या आजूबाजूला २०० किलोहर्ट्झ. अँप्लिफायर असेल तर नॅनोव्हीएनएची पातळी उतरवा किंवा पुढे १० डीबीचा अटेन्युएटर लावून कॅलिब्रेट करा. दोन्ही ठिकाणी रिटर्न लॉस (परत येणारा सिग्नल किती कमी) १५ डीबीच्या वर हवा, २० आला तर छानच. पहिला आलेख सुंदर आणि दुसऱ्यात फिल्टरच्या कडांपाशी उड्या दिसल्या, तर अँप्लिफायरचं आयसोलेशन कमी आहे. आणि २एन५१०९ वापरलात तर त्याला टोपीसारखा हीटसिंक घाला. ५० मिलिअँपिअरवर तो बोट ठेवू देत नाही.