एआयच्या टक्क्यांवरून शून्य देऊ नकोस

अनेक आशीर्वाद.

तुझी मेल वाचली. एका विद्यार्थ्याच्या असाइनमेंटवर, ती एआयने लिहिली का हे तपासणारं साधन ‘एआय ८० टक्के’ दाखवतंय, शून्य देऊ का, असं विचारलंस. देऊ नकोस. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या वाङ्मयचौर्यविरोधी नियमांतली १० टक्क्यांची मर्यादा दुसऱ्याच्या मजकुराशी असलेल्या साम्याची आहे, एआयची नाही. साम्याच्या रिपोर्टमध्ये उचललेली ओळ आणि तिचा स्रोत शेजारी-शेजारी दिसतात. एआयचा आकडा हा नुसता अंदाज. पोराने ‘दाखवा’ म्हटलं तर तू काय दाखवणार? खुद्द चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने एआयचं लेखन ओळखणारं आपलं साधन जुलै २०२३मध्ये बंद केलं, अचूकता कमी म्हणून. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांना आढळलं, की इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेले निबंधही ही साधनं सर्रास यंत्राच्या खात्यावर टाकतात. साधी वाक्यं, मोजके शब्द. म्हणजे आपलीच मराठी माध्यमातली पोरं!

त्यापेक्षा समोर बसव. ‘हा मुद्दा कुठे वाचलास?’ एवढं विचारलं तरी पुष्कळ कळतं. मात्र शंका नसलेल्याही दोन-चार जणांना बोलाव, नाहीतर नुसतं बोलावणंच आरोप ठरतं.

तुझ्या थिसिसबाबत मात्र मी कडक आहे. कोडमधली चूक चॅटजीपीटीकडून शोधून घे, इंग्रजी तपासून घे, खुशाल. संदर्भ मागू नकोस. ते संदर्भ रचून देतं: लेखक ओळखीचा, जर्नल खरं, खंड-अंक-पान सगळं जागच्या जागी; आणि अंक उघडावा तर त्या पानावर भलताच लेख. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये वकिलांनी चॅटजीपीटीने असेच रचलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल कोर्टापुढे ठेवले आणि ५,००० डॉलरचा दंड ओढवून घेतला. व्हायवाला (तोंडी परीक्षेला) बाहेरच्या परीक्षकांनी नेमका तोच संदर्भ विचारला, तर मी मध्ये पडणार नाही.

मुलाखतींची ट्रान्स्क्रिप्ट्स चॅटबॉटमध्ये टाकायची नाहीत. त्या बायका तुझ्याशी बोलल्यात, कंपनीशी नाही. रिव्ह्यूला आलेला दुसऱ्याचा पेपरही तसाच. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेने २०२३मध्येच अनुदान-प्रस्ताव तपासणाऱ्यांना याची मनाई केली.

जे वापरशील ते पद्धतीच्या प्रकरणात नोंदव: कोणतं साधन, कोणत्या कामाला.

शनिवारी येताना तिसऱ्या प्रकरणाची संदर्भसूची छापून आण. पेन ड्राइव्हवर त्यातल्या प्रत्येक लेखाची पीडीएफ हवी. जिची नसेल ती नोंद तिथेच खोडू.

— सर