अमेरिकेत टपाल वाटणाऱ्यांची राज्य युनियन नेमकं काय काम करते?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेत सिटी कॅरियर असिस्टंट (शहरात टपाल वाटणारा, अजून कायम न झालेला कर्मचारी) म्हणून नुकतीच नोकरी लागली आहे, संपावर तर कायद्यानेच बंदी आहे, मग राज्याची युनियन करते काय आणि वर्गणी भरावी का. मी न्यू जर्सीत बरीच वर्षं टपाल वाटलं, त्यातली काही वर्षं स्टुअर्ड, म्हणजे ऑफिसातली युनियनची प्रतिनिधी होते. वर्गणी जरूर भरा.

फक्त राज्य युनियनकडून भलती अपेक्षा ठेवू नका. सुपरवायझरशी वाजलं किंवा ओव्हरटाइमचे तास कमी लागले, तर राज्याच्या अध्यक्षांना फोन लावून काही होत नाही. ते काम स्थानिक ब्रँचचं आणि तुमच्या ऑफिसातल्या स्टुअर्डचं. प्रकार लक्षात आल्यापासून 14 दिवसांत सुपरवायझरशी तक्रारीची पहिली बोलणी व्हावी लागतात. ओव्हरटाइमचे पैसे पुढच्या पगारात येतील म्हणून मी एकदा थांबले आणि मुदत टळली. ते पैसे गेले ते गेलेच.

दुसरं, 3996 नंबरचा फॉर्म. रूट आठ तासांत उरकणार नाही हे सकाळी केसपाशी (पत्त्यांप्रमाणे टपाल लावायच्या खणांपाशी) टपाल लावतानाच कळतं. तेव्हाच फॉर्म मागायचा, जास्तीचा वेळ आणि कारण लिहायचं ('घरोघरी जाहिरातींचा गठ्ठा, 50 मिनिटं') आणि प्रत मागून घ्यायची. तोंडी सांगितलेलं संध्याकाळी कुणाला आठवत नाही.

आता राज्य युनियन. आपली संघटना, नॅशनल असोसिएशन ऑफ लेटर कॅरियर्स, 1889 साली मिलवॉकीत स्थापन झाली. (ग्रामीण कॅरियर्सची वेगळी आहे.) राज्यातल्या ब्रँचेस मिळून राज्य शाखा होते. ती अधिवेशनं भरवते, ब्रँचच्या लोकांना शिकवते, पण तिचं खरं काम काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या, सदस्यांकडे खेटे घालणं. टपाल सेवेचा खर्च प्रामुख्याने तिकिटं आणि पार्सलांच्या कमाईतून भागतो, पण तिचे कायदे काँग्रेसच करते. 2006 च्या कायद्याने निवृत्तांच्या आरोग्य विम्यासाठी पुढच्या कित्येक वर्षांची रक्कम आधीच भरायची सक्ती केली आणि ताळेबंद तोट्यात गेला. ती सक्ती 2022 साली रद्द झाली, आठवड्याचे सहा दिवस वाटपही कायद्यात आलं. त्यामागे राज्याराज्यातल्या कॅरियर्सची वर्षानुवर्षांची पायपीट होती.

अशा एका भेटीला मीही गेले होते, रजा टाकून, साध्या कपड्यांत. सदस्यांच्या मदतनिसाने विचारलं, शनिवारचं वाटप बंद केलं तर बिघडतं कुठे? माझ्या सोबतच्या कॅरियरने आपल्या रूटवरच्या एका माजी सैनिकाचं सांगितलं. त्याची औषधं टपालानेच येतात, शनिवारी तो फाटकाशी उभा असतो. मदतनिसाने पेन उचललं आणि पहिल्यांदा काहीतरी लिहून घेतलं. त्याच मतदारसंघातला, रोज त्याच गल्ल्या तुडवणारा माणूस बोलला की वजन पडतं. राज्य शाखा अशी माणसं शोधते आणि तयार करते.

संपाचं म्हणाल तर मार्च 1970 मध्ये तो झालाच. न्यूयॉर्कमधून सुरुवात झाली, राष्ट्रीय नेत्यांचा विरोध असतानाही सुमारे दोन लाख कर्मचारी बाहेर पडले, राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी टपाल हाताळायला सैनिक धाडले. तेव्हा पगाराच्या वरच्या टप्प्यावर पोचायला 21 वर्षं लागायची. त्याच वर्षीच्या कायद्याने पगारासाठी सामूहिक वाटाघाटींचा हक्क मिळाला. संपावरची बंदी राहिली, त्याऐवजी वाटाघाटी फिसकटल्या तर लवाद निर्णय देतो आणि तो दोन्ही बाजूंना बंधनकारक असतो.

सभासदत्व सक्तीचं नाही, आणि सभासद नसलात तरी युनियनला तुमची बाजू मांडावीच लागते. म्हणून काहीजण वर्गणी वाचवतात. मला ते कधीच पटलं नाही. स्टुअर्डच्या फायली, साक्षीदार, लवादापुढची तयारी, सगळं त्याच पैशातून चालतं.

प्रोबेशनमध्ये (सुरुवातीच्या चाचणीच्या काळात) काढून टाकलं तर तक्रार करता येत नाही, तेव्हा ते दिवस जपून काढा. स्टुअर्ड कोण ते पहिल्याच आठवड्यात विचारा आणि वर्गणीचा 1187 नंबरचा फॉर्म त्यांच्याकडूनच घ्या.